दसऱ्याला टिलर घेऊ की कुदळ? ताई, आधी परड्यात एक खड्डा काढा

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. या ताईंनी बेळगावात वडगावच्या पुढं येळ्ळूरच्या बाजूला नवीन लेआउटमध्ये घर बांधलंय, मागं २५ बाय ४० फुटांचं परडं मोकळं आहे, मिस्टर रिटायर झालेत पण त्यांच्या मणक्याचं दुखणं आहे, आणि दोघांना घरची भाजी करायची हौस आहे. गेल्या पावसाळ्यात मिरची, वांगी लावली ती पिवळी पडून गेली, आणि लव्हाळ्याचं तण मात्र सगळीकडं माजलंय. पुण्याचा मुलगा म्हणतो ऑनलाइन मिनी टिलर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती उकरणारं छोटं मशीन, पाठवतो, दुकानदार दसरा ऑफरमध्ये ७ एचपीचं पॉवर वीडर गळ्यात घालायला बघतोय, शेजारी म्हणतात ट्रॅक्टर बोलवा, तासाभराचं काम आहे. ताईंचा प्रश्न एवढाच की खंडेनवमीला पूजेत नवीन काय ठेवू?

सरळ सांगते ताई, यातलं एकही मशीन यंदा घेऊ नका. मशीन वाईट असतं म्हणून नव्हे, तुमच्या परड्यात जो त्रास आहे तो मशीन जिथवर पोचतं त्याच्या खाली आहे, आणि दुसरा जो त्रास आहे तो मशीननं वाढेल. का ते नीट सांगते, कारण पैसे तुमचे जाणार आणि कंबर तुमच्या मिस्टरांची.

तुमच्या घराच्या जागी पूर्वी काय होतं ते एकदा जुन्या कोणाला तरी विचारा. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर हा सगळा भाताचा पट्टा, बेळगाव बासमतीचं नाव इथल्याच शिवारावरनं झालं. म्हणजे तुमचं परडं हे बहुतेक भाताचं खाचर असणार. आता रोप लावणीच्या आधी चिखलणी करतात ती कशासाठी? पाणी खाली मुरू नये म्हणूनच की! पिढ्यान् पिढ्या दरवर्षी बैलांच्या पायांनी आणि आता टिलरच्या लोखंडी चाकांनी चिखल तुडवला की साधारण ६ ते ८ इंचांखाली मातीचा एक घट्ट थर बसतो. भाताला तो थर हवाच असतो, त्याच्यावरच पाणी उभं राहतं. पण मिरची-वांग्याची मुळं तिथं जाऊन अडतात, पाऊस लागला की त्या थरावर पाणी तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. तुम्ही लिहिलंय की युरिया टाकला तरी हिरवी झाली नाहीत. होणार कशी हो, मूळच गुदमरलं होतं. आणि वरनं बांधकामाच्या वेळी मुरूम टाकून त्याच्यावर लॉरी, मिक्सर फिरलेले असणार, म्हणजे आणखी एक थर.

मिनी टिलर किती खोल जातो? कागदावर काहीही लिहिलेलं असू दे, घट्ट जमिनीत पहिल्या फेरीला ३-४ इंच, दोन-तीनदा फिरवला तर ६ इंच. म्हणजे वरची माती पिठासारखी भुसभुशीत दिसेल, डोळ्याला बरं वाटेल, पण खालचा थर आहे तिथंच. उलट गोल फिरणारी पाती ओल्या काळ्या मातीत त्याच खोलीवर घासत राहतात आणि तिथली माती लिंपल्यासारखी चकचकीत होते. ट्रॅक्टरचं तर बोलूच नका, २५ फुटांच्या रुंदीत तो वळणार कुठं, कंपाउंड तोडून आत घ्यायचा का? आणि सेप्टिक टँक, बोअरची केबल, पाइपलाइन कुठनं गेलीय हे तुम्हालाही नक्की आठवत नसेल.

म्हणून आधी खड्डा. चांगला पाऊस होऊन दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की एक १० एमएमची सळी घ्या, बांधकामातली उरलेली असेलच, आणि परड्यात सात-आठ ठिकाणी हातानं दाबून बघा. सरसर जाता जाता एका खोलीवर एकदम अडकली आणि जवळजवळ सगळीकडं तेवढ्याच खोलीवर अडकली तर तो थर आहे असं समजा. एखाद्याच ठिकाणी टक्कन आवाज होऊन अडकली तर तिथं दगड नाहीतर विटेचा तुकडा. मग एका जागी एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा काढा आणि त्याची कड खुरप्यानं साफ करून जवळनं बघा. वरची माती कण्या-कण्यांची, मधेच एका रेषेपासनं खाली एकसंध, पाटीसारखी, आणि गवताची मुळं त्या रेषेपर्यंत येऊन आडवी वळलेली दिसली की मग सांगायला कोणी तज्ज्ञ नको. त्याच खड्ड्यात पाणी भरा, एकदा मुरू द्या, परत भरा आणि घड्याळ लावा. तासाला एक इंच तरी उतरलं तर ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसतंय तर गादी वाफ्यांशिवाय, म्हणजे माती चढवून उंच केलेल्या वाफ्यांशिवाय, पर्याय नाही.

आता घ्यायचं काय. हा थर फोडायला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे ब्रॉडफोर्क. आपल्याकडं दुकानात सहज मिळत नाही पण बनवून घेता येतो. दोन उभे दांडे, खाली आडवा पाइप, त्याला ४-५ लांब दाते, १० ते १२ इंचांचे. आडव्या पाइपवर पाय देऊन उभं राहायचं, अंगाच्या वजनानं दाते आत जातात, मग खाली उतरून दोन्ही दांडे आपल्याकडं ओढायचे, माती नुसती उचलली जाते, चिरते, पलटी होत नाही. ५-६ इंच मागं सरकायचं, परत. यात वाकावं लागत नाही, उचलावं लागत नाही, म्हणून तुमच्या मिस्टरांसारख्या माणसालाही थोडं थोडं जमेल, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. उद्यमबागेत फॅब्रिकेशनची इतकी दुकानं आहेत, कागदावर मापं काढून दिली की करून देतात. फक्त एक सांगते, दाते साध्या लोखंडी सळीचे करू देऊ नका, पहिल्याच दिवशी वाकतील. गाडीच्या कमानीच्या पाट्याचं लोखंड घ्यायला सांगा, आपले लोहार विळे-खुरपी त्याचीच करतात. आणि दाते अगदी सरळ नकोत, किंचित पुढं वळलेले हवेत.

ते होईपर्यंत किंवा ते जमलंच नाही तर चार दात्यांचा गार्डन फोर्क. पण घेताना दाते चौकोनी, जाड, एकाच लोखंडातनं ठोकून काढलेले बघा. पत्र्याचे चपटे दाते वेल्ड केलेले जे असतात ते कुंड्यांसाठी ठीक, भाताच्या जमिनीत ते टिकणार नाहीत. फोर्कचे दाते जमिनीत गेले की एका हातानं दांडा हलवून बघा, जोडाशी खुळखुळ होत असेल तर परत द्या.

कुदळ आणि खोरं तर लागणारच. इथं बहुतेक जण एक चूक करतात, तयार दांडा बसवलेली कुदळ उचलून आणतात. दांडा असतो अडीच फुटांचा आणि माणूस साडेपाच फुटांचा, मग कंबर दुखणार नाही तर काय होणार. नुसतं पातं घ्या, नेढं, म्हणजे दांडा बसवायचं भोक, गोल आहे की चेपलंय ते बघा, दगडावर टिचकवून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आला तर कुठंतरी चीर आहे. दांडा बाभळीचा, वेगळा घ्या. टिकाव-कुदळीला मारायला म्हणून ३ फूट बास, पण माती ओढायच्या खोऱ्याला उभं राहिल्यावर तुमच्या बरगडीपर्यंत येईल एवढा लांब दांडा घ्या. पाचर मारून एक रात्र नेढ्याकडची बाजू पाण्यात ठेवा, लाकूड फुगून गच्च बसतं. एक दाताळं लोखंडी, सारखं करायला. दोन खुरपी, एक रुंद एक अरुंद. एक पहार घरात असेलच. बुट्ट्या, घमेली आहेतच. एवढ्या सगळ्याला मिळून जे पैसे लागतील ते एका मशीनच्या किमतीचा छोटा भाग आहेत, आणि यातलं काहीही पेट्रोलवर चालत नाही, सर्व्हिसिंग मागत नाही.

तुम्ही म्हणाल १००० चौरस फूट हातानं कोण खणणार. ताई, सगळं खणायचंच नाहीये! ४ फूट रुंद आणि १० फूट लांब असे ८ वाफे आखा. ४ फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, वाफ्यात पाय ठेवायला लागत नाही. ८ वाफ्यांचे झाले ३२० चौरस फूट, म्हणजे परड्याचा तिसरा हिस्सा सुद्धा नाही. उरलेल्यात वाटा, कडेची पपई-कढीपत्ता, आणि कपडे वाळत घालायची जागा. वाटा कशाला भुसभुशीत करायच्या, त्या घट्टच बऱ्या. एक वाफा एका सकाळी, चहा-नाष्ट्याच्या आधी तासभर, नाहीतर एका चांगल्या गड्याला दोन दिवस बोलवा आणि तुम्ही दोघं नुसते लव्हाळ्याच्या गाठी वेचायला बसा. पहिल्या वर्षी हे कष्ट आहेत, पण वाफ्यात परत कोणाचा पाय पडला नाही तर पुढच्या वर्षी नुसता फोर्क घालून हलवलं तरी पुरतं. मग वर्षातनं सात-आठ तास लागणारं मशीन कोपऱ्यात ठेवून करायचं काय, उंदीर वायर खातात आणि टाकीतलं जुनं पेट्रोल कार्बोरेटर जाम करतं.

आता लव्हाळ्याचं, हे मला मनापासनं सांगायचंय कारण हे मी भोगलंय. पाच वर्षांपूर्वी आम्ही एका दुकानातनं ५२ सीसीचा छोटा टिलर घेतला, काळ्या जमिनीत मस्त चालतो म्हणून सांगितलं होतं. परड्याच्या एका कोपऱ्यात लव्हाळा होता, जेमतेम एका खाटेएवढ्या जागेत. माती अजून ओली होती, पण मशीन नवीन, धीर कुठला, सगळ्या परड्यात दोन-दोनदा फिरवला. पात्यांना गवत गुंडाळून सारखं बंद पडत होतं, ते काढायचं, परत चालू करायचं. महिन्याभरानं बघितलं तर भाताचं तरू टाकल्यासारखा सगळ्या परड्यात लव्हाळा उगवलेला, सरळ ओळीत, जशी मशीनची फेरी गेली होती तशी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, खुरपं घेऊन बसल्या. त्यानंतर तो कमी करायला आम्हाला तीन उन्हाळे लागले.

एकदा खुरप्यानं लव्हाळ्याचं रोप हळू उकरून बघा म्हणजे कळेल. वर तीन-चार पाती, खाली एक गाठ, तिच्यापासनं तारेसारखं मूळ, त्याला पुढची गाठ, परत तार, परत गाठ, बाहेरनं काळी-तपकिरी आणि फोडली की आत पांढरी, वास घ्या, उटण्यातला नागरमोथा तो हाच. यातली वरची गाठ जिवंत आहे तोवर खालच्या बऱ्याचशा झोपलेल्या असतात. टिलरचं पातं काय करतं, ही माळ तोडतं, प्रत्येक गाठ सुटी करतं आणि परडंभर पेरतं, मग झोपलेल्या सगळ्या जाग्या होतात. हरळीचं पण तसंच, तिच्या प्रत्येक पेराला कोंब. म्हणून लव्हाळा-हरळीच्या जागेत फिरणारी पाती नकोतच. फोर्क खाली घालून अख्खं ढेकूळ उचलायचं, हातानं फोडायचं, माळ तुटू न देता ओढायची. आणि खरा उपाय एप्रिल-मेमध्ये. तेव्हा ती जागा कोरडी असताना फोर्कनं उलथून ढेकळं तशीच उन्हात तापू द्या, पाणी अजिबात दाखवू नका, गाठी वाळून मरतात. वळीव झाला आणि परत कोंब आले तर परत. वेचलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका हं, प्लास्टिकच्या पिशवीत भरून उन्हात काही आठवडे ठेवा.

हत्यार कुठलंही असू दे, वेळ चुकली तर सगळं फुकट. वाफसा म्हणजे काय हे आपल्या आई-आज्जींना पायानं कळायचं. आपण हातानं बघू. ४-५ इंच खालची मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा, अंगठ्यानं ढकला. लाडू झालाच नाही तर फार कोरडी, काळी असेल तर कुदळ परत उसळेल. झाला आणि अंगठ्यानं चपटा होऊन बोटाला चिकटला तर ओली, हात लावू नका, आता उकराल तर वाळल्यावर विटेसारखी ढेकळं होतील. लाडू झाला आणि टिचकी मारल्यावर फुटून कण्या झाल्या की तो वाफसा. काळ्या मातीत हे तीन-चार दिवसच टिकतं. हस्ताचा पाऊस ओसरला की रोज सकाळी बघायला लागा, एखादा दिवस चुकला तर परत पाणी मारून वाट बघावी लागते.

थर फोडला की लगेच शेणखत घाला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात चिरा परत बसतात. वाफ्यावर २ इंचांचा थर म्हणजे एका वाफ्याला तेरा-चौदा घमेली, आठ वाफ्यांना अर्धी ट्रॉली धरा. चांगलं कुजलेलं, हातात घेतल्यावर शेणाचा वास न येणारं बघून घ्या. वाटेतली वरची ३ इंच चांगली माती खोऱ्यानं ओढून वाफ्यावर टाका, वाफा आपोआप उंच होतो आणि वाटेतनं पाणी वाहून जातं, एका दगडात दोन पक्षी. वर उसाचं पाचट अंथरा. चुना टाका म्हणून कोणी सांगेल, पण आधी मातीचा पीएच, म्हणजे ती आंबट आहे की खारी, ते बघा, काळ्या जमिनीत बऱ्याचदा चुनखडी आधीचीच असते. माती तपासायची असेल तर कृषी खात्याच्या जवळच्या रैत संपर्क केंद्रात विचारा, किंवा बैलहोंगल बाजूला जाणं असेल तर मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा कृषी मेळा असतो त्याला एकदा जाऊन या, सगळी हत्यारं-मशीन हातात धरून बघता येतात, घेतलंच पाहिजे असं नाही.

हे सगळं ताईंच्या जमिनीसाठी झालं. खानापूर, जांबोटीकडच्या लोकांनी हे जसंच्या तसं करू नये. तिकडं तांबडी माती, खाली जांभा, ब्रॉडफोर्कचे दाते दगडावर अडकतील. तिथं टिकाव आणि पहार, दगड वेचून त्याचीच कड लावायची आणि वर माती-खत चढवून वाफा करायचा, त्या मातीत पाणी तुंबत नाही पण खत धरून राहत नाही, म्हणून थोडं थोडं परत परत घालायचं. आंबट जमीन असते, तिथं चुन्याचा उपयोग होतो, तोही तपासून. चिकोडी-अथणीकडं खोल काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती जमीन स्वतःच स्वतःला फोडते, तिला फक्त वाफशात गाठायचं आणि बाकी खत-पाचट. आणि ज्यांचं परडं नाही तर ५-१० गुंठ्यांचा मळा आहे, लव्हाळा नाही, दगड नाहीत, दरवर्षी मेथी-कोथिंबीर-बटाटा लागोपाठ करायचाय त्यांनी जरूर मशीन बघावं, पण आधी भाड्यानं आणून एक हंगाम चालवून बघा, आणि विकत घेताना स्पेअर बेळगावातच मिळतात का, रिव्हर्स गिअर आहे का, घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला ते वळवता येतं का हे बघा. ७ एचपीचं मशीन शंभर किलोच्या आसपास असतं, दगडाला लागलं की उडी मारतं, चप्पल घालून चालवू नका.

मुलाला कसं सांगायचं हे पण विचारलंत. त्याची माया आहे ती, नको म्हणू नका. त्याला म्हणा मशीनच्या पैशातनं ब्रॉडफोर्क करायला दे, अर्धी ट्रॉली शेणखत दे आणि दिवाळीला चार दिवस रजा काढून ये, दोन वाफे तू खण. त्यानं नक्की यावं.

खंडेनवमीला नवी कुदळ, खोरं, फोर्क धुऊन पुसून हळद-कुंकू लावून ठेवा, शेजारी आजोबांचं जुनं खुरपं आहे म्हणालात तेही ठेवा, आणि धार लावून घ्या त्याला, जुनं लोखंड चांगलं असतं. पण खड्डा त्याच्या आधी काढा. खड्ड्याच्या कडेचा फोटो काढा, शेजारी फूटपट्टी उभी ठेवून, आणि पाणी किती तासांत किती उतरलं ते लिहून पाठवा, म्हणजे वाफे किती उंच घ्यायचे आणि पहिल्यांदा त्यात काय लावायचं ते पुढच्या वेळी सांगते.